बांधावरची हाळी

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, आणि नोकरी मिळाली ती खुटबावच्या पुढच्या माळावर. तिथं नवीन हायस्कूल निघालं होतं. गावात बिऱ्हाडाला जागा मिळेना, म्हणून शाळेनं रानातलं एक रिकामं घर दिलं. दगडाच्या दोन खोल्या, पुढं ओटा. सगळ्यात जवळचं घर तीन शेतं ओलांडून. बायको शिरूरच्या पेठेत वाढलेली, भिंतीला भिंत लागून शेजार. इथं दिवसभर तिच्या सोबतीला वारा, नाहीतर एखादी सुटलेली म्हैस. सवय होईल, असं मी रोज म्हणायचो. ती ऐकून घ्यायची.

माणसं अगदीच नव्हती असं नाही, पण ती लांबूनच ओरडायची. बांधावर उभं राहून कोणीतरी "होऽऽ मास्तर" अशी हाळी द्यायचं, जरा थांबायचं आणि चालू पडायचं. मला याचा भयंकर राग. दार आहे, कडी आहे, जरा पुढं यायला काय होतं? पुण्यात प्रोफेसरांकडे जाताना आम्ही चपला काढून, कडी वाजवून, अदबीनं उभे राहायचो. शेवटी मी ठरवलं, असल्या ओरडण्याला ओ द्यायची नाही. काम असेल तो दारात येईल. बायकोलाही तेच बजावलं. दारात कोणीच आलं नाही. इथली माणसंच माणूसघाणी, असं मी शाळेत उघड बोलू लागलो.

दिवाळीनंतर तिनं ट्रंक भरली. भांडण नाही, रडणं नाही. "तुम्ही खुशाल राहा. मी माणसांत जाते," एवढंच म्हणाली. स्टेशनापर्यंत सोडायला मी तीन शेतांपलीकडच्या आप्पांना बैलगाडी घेऊन यायचा निरोप धाडला.

सकाळी ट्रंक ओट्यावर काढून ठेवली. गाडी आली ती बांधाशीच थांबली, आणि आप्पांनी तिथूनच हाळी दिली. मी आत खुर्चीवर गप्प. पुन्हा हाळी. मी ढिम्म. मग बैल वळवल्याचा आवाज आला, तशी ही बाहेर धावली.

"ओऽऽ! या हो आप्पा, या!"

एवढा मोठा आवाज तिला आहे, हे मला लग्नापासून ठाऊक नव्हतं.

गाडी अंगणात आली. आप्पांबरोबर त्यांची मालकीणही होती, वाटेत सोबत म्हणून. ओच्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन ती सरळ आत गेली.

आप्पा म्हणाले, "मास्तर, कितींदा येऊन गेलो. घरात बाईमाणूस एकलं. ओ आल्याबिगर अंगणात पाय कसा टाकावा? आम्हास्नी वाटलं, शिकल्याली माणसं, आमचा वास येत आसंल."

मी म्हणालो, दाराला कडी असते ती वाजवायला.

"आमच्यात लावायला आसती," आप्पा म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

आत चहा झाला, शेंगा भाजल्या गेल्या, हसणं बाहेर ऐकू येऊ लागलं. आगगाडीची वेळ टळत चालली. निघायचं ना, म्हणून मी दारातून विचारलं.

"ती ट्रंक आत घ्या आधी," ती म्हणाली. "आप्पांना धड बसता येत नाहीये."

मी ट्रंक उचलली. तेवढ्यात बांधावरून आणखी कोणीतरी हाळी दिली, आणि ही चुलीपुढूनच ओ देऊन मोकळी. त्या दिवसापासून त्या घरात मला एक वही शांतपणे तपासता आली नाही.