आठ दिवस करून बघतो

आठ दिवस करून बघितल्याशिवाय भावोजींनी आयुष्यात एकही गोष्ट केलेली नाही, आणि यात त्यांचा जन्मसुद्धा आला. भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे शाळासोबती. चिपळूणजवळच्या एका खेड्यात दोघे एका बाकावर बसले आणि पुढे दोन वर्षांच्या अंतराने कुवेतला आले. हे शिपिंग ऑफिसात कारकून, भावोजी अर्दियातल्या एका वर्कशॉपात एसी मेकॅनिक. त्यांच्या जन्माच्या वेळी म्हणे कळा दोनदा सुरू होऊन दोनदा थांबल्या, सुईण दोनदा चहा पिऊन घरी गेली आणि तिसऱ्या खेपेला भावोजी आले. त्यांच्या आईनेच मला हे सांगितलं. मी मिरजेत नर्सिंग शिकले आहे, असं होतं हे मला ठाऊक आहे. पण म्हणून ते मूल जन्मभर तसंच वागतं, हे आमच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

चपला घ्यायच्या तर भावोजी दुकानातल्या दुकानात पाऊण तास येरझारा घालायचे. दुकानदार मल्याळी, बिचारा तेवढ्यात डबा उघडून जेवून घ्यायचा. मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत आठ जणांच्या खोलीत खाट भाड्याने घेण्याआधी एका शुक्रवारी दुपारी ते तिथे सतरंजी टाकून पडून आले, कोण किती घोरतं ते ऐकायला. मिशीचं तर मी स्वतः बघितलं. मिशीशिवाय आपण कसे दिसू याची त्यांना ट्रायल घ्यायची होती, पण मिशी काढायची नव्हती, कारण ती परत यायला वेळ लागतो. म्हणून माझ्याकडून हॉस्पिटलची चिकटपट्टी घेतली आणि आठ दिवस वरच्या ओठावर लावून हिंडले. ज्याला त्याला वाटे, याला कुणीतरी बदडलंय. आठव्या दिवशी आमच्या हॉलमध्ये बसून पट्टी ओढली, तर अर्धी मिशी पट्टीबरोबर निघून आली आणि उरलेली काढण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. "बघा वैनी," डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले, "निर्णय आपोआप झाला."

मला या माणसाचा भारी संताप यायचा. मी दूध उतू जायच्या आत निर्णय घेणारी बाई. कुवेतची नोकरी घ्यायची की नाही हे मी मिरज स्टेशनच्या बाकावर, गाडी प्लॅटफॉर्मला लागेपर्यंत ठरवलं होतं. आणि हा गृहस्थ दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, एकच्या ठोक्याला जाब्रियातल्या आमच्या घरी जेवायला यायचा आणि पापलेटाचं कालवण आधी चमचाभर घेऊन, जरा थांबून, मग म्हणायचा, "हां, वाढा." म्हणजे मी इतकी वर्षं काय विष कालवत होते? पण एखाद्या शुक्रवारी दीड वाजेपर्यंत बेल वाजली नाही की मीच ह्यांना म्हणायची, "अहो, खाली जाऊन बघून या, बस चुकली की काय त्यांची." माया असते, तिला इलाज नाही.

तर अशा माणसापुढे एकाच उन्हाळ्यात दोन वाटा येऊन उभ्या राहिल्या. साल नव्वदच्या दशकाच्या शेवटचं. भावोजींनी डिप्लोमानंतर बाहेरून बी.कॉम. केलं होतं, सुट्टीत जाऊन एमबीएची प्रवेशपरीक्षा दिली होती, आणि पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजचं पत्र आलं: जागा मिळाली आहे, अमुक तारखेच्या आत फी भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. त्यांचे वडील गावच्या शाळेत शिपाई. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी घंटा दिलेली. आपला मुलगा केबिनमध्ये बसावा एवढीच त्यांची इच्छा, आणि पत्र आल्याचं कळताच त्यांनी ती अख्ख्या गावाला सांगून टाकली. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे कुवेती गृहस्थ. त्यांच्या घरचे एसी भावोजी सहा वर्षं सांभाळत होते. परक्या माणसाला तिथे एकट्याने कंपनी काढता येत नाही, कुवेती भागीदार लागतो. म्हातारबाबा आपणहून म्हणाले, "नाम मेरा लिखेगा, काम तुम करेगा. अर्दिया में जगह है. तुम कॉलेज जायेगा, तो मेरा एसी कौन देखेगा?" आणि उन्हाळा संपेपर्यंत सांग, म्हणाले.

भावोजी तीस वर्षांचे होते. कॉलेज निवडलं तर कंपनी जाणार, कंपनी निवडली तर कॉलेज आणि वडिलांची केबिन जाणार. दोन्ही परत मिळणाऱ्यातल्या गोष्टी नव्हत्या. "एवढ्या मोठ्या गोष्टीला आठ दिवस पुरायचे नाहीत," त्यांनी जाहीर केलं. "एक महिना कॉलेज करून बघतो, एक महिना कंपनी. मग दोन दिवस विचार." फीच्या शेवटच्या तारखेवर त्यांनी आमच्या फ्रीजवरच्या कॅलेंडरात लाल गोल केला, आणि खोलीत आठ माणसं म्हणून कॉलेजचं पत्र माझ्या कपाटात, आमच्या पासपोर्टांबरोबर ठेवायला दिलं.

मग आमच्या घरात कॉलेज भरलं. वर्कशॉप सुटलं की भावोजी बसने यायचे आणि आमच्या लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाशी, गुडघे छातीशी घेऊन, मॅनेजमेंटचं जाडजूड पुस्तक वाचत बसायचे. लेक चौथीत. ती म्हणाली, "अंकल, यू आर टू बिग फॉर धिस." तिला म्हणाले, "बाळा, शिक्षणाला वय नसतं," आणि उठताना टेबल गुडघ्याबरोबर वर आलं. जेवणही हॉस्टेलचं हवं. मी उसळ वाढली की भावोजी हळूच म्हणायचे, "वैनी, एवढी चव नको. पाणी घाला थोडं." बायको म्हणून मी बऱ्याच गोष्टी ऐकून घेतल्या आहेत, पण स्वयंपाक बिघडवून द्या, असं मला फक्त याच माणसाने सांगितलं. ह्यांना प्राध्यापक केलं होतं. ह्यांनी पहिल्या दिवशी आपल्या साहेबाचे दुर्गुण तासभर सांगितले, दुसऱ्या दिवशीही तेच सांगितले, आणि तिसऱ्या दिवसापासून झोप आली म्हणाले. महिन्याच्या शेवटी परीक्षा झाली. भावोजी उत्तम पास झाले, यात काही शंका नाही. डोकं होतंच त्यांना. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. रोज जाताना ते लाल पेनाने कॅलेंडरातला एक दिवस खोडायचे, आणि बाराव्या दिवसापासून तर आल्या आल्याच विचारायचे, "वैनी, किती राहिले?"

कंपनीच्या ट्रायलसाठी त्यांनी आपली वार्षिक सुट्टी घेतली आणि गावी जायचं रद्द केलं. आईचं रागाचं पत्र आलं ते मलाच वाचून दाखवलं. ओळखीच्या सगळ्यांचे एसी महिनाभर फुकट बघायचे, पण सगळं खरोखरच्या कंपनीसारखं. ऑफिस म्हणजे मिरकाबला त्यांच्या इमारतीखालचा बकाला, म्हणजे किराणा दुकान. तिथले रत्नागिरीकडचे चाचा फोन उचलून गंभीर आवाजात म्हणायचे, "कंपनी बाहेर गेलीय भाभी. आली की पाठवतो." आम्ही ओळख दाखवायची नाही असा नियम होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साफ केलेल्या एसीचं पाणी माझ्या सोफ्यावर टपकलं. मी फोनवर कंपनीला दहा मिनिटं सोललं. वॉर्डात मी ज्या आवाजात बोलते, तो आवाज लावला. पलीकडून भावोजींचंच अत्यंत अदबीने उत्तर आलं, "मॅडम, आमच्या माणसाची चूक झाली असेल. मी त्याला जाब विचारतो." तासाभराने तो माणूस, म्हणजे भावोजीच, दारात हजर. पाइप नीट बसवला, फरशी पुसली, चहा दिला तर घेईनात. "कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाकडे चहा घेत नाही." बाहेर गेले, दार लावलं, आणि परत बेल वाजवून आत आले. "वैनी, आता टाका चहा. त्या बाई फार कडक आहेत हो."

हसता हसता मी बघत होते. या महिन्यात लाल पेन फ्रीजवर तसंच पडून होतं. एकही दिवस खोडला गेला नव्हता.

महिना संपत आला, त्यात तौज आलं. तौज म्हणजे धुळीचं वादळ. भर दुपारी बाहेर तांबडा अंधार होतो आणि दातांत रेती कचकचते. दोन दिवस ते थांबेना. मिरकाबच्याच मागच्या एका इमारतीत कोकणातल्या सुतार-गवंड्यांची एक खोली होती, तिथला एसी बंद पडला. खिडकी उघडावी तर धूळ, मिटावी तर भट्टी. मालकाचा पत्ता नाही. त्यांनी चाचांकडे येऊन विचारलं, इथे कुठलीशी कंपनी आहे ना? ही माणसं काही आमच्या नाटकातली नव्हती. भावोजी गेले आणि तोंडाला पंचा बांधून एक एसी दुरुस्त केला. मग शेजारच्या खोलीने हाक मारली, मग वरच्या मजल्याने. ते पाच दिवस त्या इमारतीतच होते. शुक्रवारी जेवायलासुद्धा आले नाहीत.

आणि कॅलेंडरातला तो लाल गोल त्याच पाच दिवसांत येत होता.

आता हे मी सांगून टाकते. मला आठवण होती. रोज फ्रीजमधून दूध काढताना तो गोल मला दिसत होता, पत्र माझ्याच कपाटात होतं, आणि चाचांना फोन करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. हे म्हणाले, "अगं, त्याला सांगायला हवं." मी म्हटलं, "ज्याला जायचंय तो मोजतो." बोलायला बोलले खरी, पण रात्रभर डोळा लागला नाही. त्या शाळेतल्या शिपाईबाबांची घंटा माझ्या डोक्यात वाजत राहिली.

तारीख उलटल्यावर दुसऱ्या दिवशी भावोजी आले. भुवयांपर्यंत धूळ, आणि चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं समाधान. "वैनी, काय सांगू, चोवीस एसी," ते म्हणाले आणि पाणी घ्यायला फ्रीजकडे वळले. तिथेच उभे राहिले. त्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं.

"ट्रायल चालू आहे, हेच विसरलो," ते म्हणाले. मग वळून, "तुम्हाला आठवण नव्हती?"

"होती," मी म्हटलं. "मुद्दाम सांगितलं नाही. कॉलेजचे दिवस तुम्ही रोज खोडत होतात, भावोजी. या महिन्यातला एक तरी खोडलात का?"

त्यांनी पत्र मागितलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि न जेवता निघून गेले. पुढच्या शुक्रवारी बेल वाजली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी कालवण करत होते आणि चार माणसांचं करून तिघं खात होतो. कुणाचा जन्म आपण परस्पर ठरवला, हे मनातून जाईना. तिसऱ्या शुक्रवारी एकच्या ठोक्याला बेल वाजली. भावोजी, हातात वडिलांचं पत्र. त्यात एकच वाक्य होतं: गावात सांगितलेलं मी निस्तरतो, तू एसी नीट लाव. "चला, वाढा," भावोजी म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कालवणाची चव घेऊन बघितली नाही, एकदम भात कालवला.

कंपनी अर्दियात उभी राहिली, म्हातारबाबांच्या नावाने आणि भावोजींच्या हातांनी. पहिली दोन वर्षं हाल काढले, ते मला माहीत आहेत. पण मग एका गाडीच्या चार झाल्या, आणि पुढे पुण्याचाच एक एमबीए झालेला मुलगा त्यांनी मॅनेजर ठेवला, अर्थात महिनाभर करून बघ म्हणून. वडील कुवेत बघायला आले तेव्हा त्यांना केबिन दाखवली. आत तो मुलगा बसलेला. "आणि तू कुठे बसतोस?" त्यांनी विचारलं. भावोजींनी वर छताकडे बोट दाखवलं. म्हातारा वर चढला, आपल्या लेकाने बसवलेल्या यंत्राला हात लावून बघितला आणि तिथेच ऊन-वाऱ्यात बराच वेळ बसला. खाली यायला तयार नव्हता.

दोन हजार सहाच्या सुमाराला आम्ही कुवेत कायमचं सोडलं. लेकीचं कॉलेज, ह्यांच्या आईचं दुखणं. निघायच्या आधीचे दोन शुक्रवार भावोजी आलेच नाहीत. फोन केला तर मॅनेजर म्हणे, साहेब छतावर आहेत. इतक्या वर्षांनी तो जुना राग वर आला की काय, या विचाराने सामान बांधताना माझं लक्ष लागेना. विमानतळावर मात्र ते आमच्या आधी येऊन उभे होते.

मी सरळ विचारलं, "कुठे होतात दोन शुक्रवार?"

"ट्रायल घेत होतो," ते खाली बघत म्हणाले. "तुमच्याशिवाय शुक्रवार कसा जातो, त्याची."

"मग?"

"नाही जमलं, वैनी."

ह्यांनी उगाच ट्रॉलीवरच्या बॅगा सारख्या केल्या. मी पासपोर्ट पुन्हा एकदा मोजले. शेवटी भावोजीच म्हणाले, "दर शुक्रवारी फोन करीन म्हणतो."

"आधी आठ दिवस करून बघा," मी म्हटलं. ते हसले आणि बाहीने डोळे पुसले.

आता आम्ही मिरजेत असतो. शुक्रवारी कुवेतचा एक वाजला की आमच्याकडे फोन वाजतो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, आज काय केलंत. ते आठ दिवस केव्हाच उलटून गेले. त्यांनी मोजले नाहीत, आणि मी आठवण करून दिलेली नाही.