मानेतून शिरणारी थंडी

थंडी मानेतून आत शिरते, असं आमच्या शेजारच्या चिनी बाईंचं म्हणणं होतं. मानेच्या मागे, केस संपतात तिथं, वाऱ्याची दारं असतात. ती उघडी राहिली की थंडी आत येते, रक्त आखडतं, त्याची चाल मंदावते आणि मग दुखायला लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या बाई चीनमध्ये वैद्यकी करायच्या. इथं अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे राहायला आल्यावर त्यांच्याकडे रोगी उरला नव्हता. माझ्या बायकोच्या रूपानं त्यांना एक मिळाला.

मी हाडांचा डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांचे गुडघे आणि खुबे बदलले आणि निवृत्त झालो. थंडी आत शिरते वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. थंडी शिरत नाही, जंतू शिरतात, असं मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं. त्या हसल्या, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि मोजे घाला म्हणाल्या.

दोघींची गट्टी जमली ती तिळावरून. हिवाळा हा मूत्रपिंडांचा ऋतू, त्यांचा रंग काळा, म्हणून थंडीत काळे तीळ खावेत, असं त्यांनी सांगितल्यावर बायको खूश झाली. "बघा, आपणही संक्रांतीला तीळच खातो आणि काळंच नेसतो," ती मला म्हणाली. मूत्रपिंडांचं भीतीशीही नातं असतं, असं बाईंनी पुढं सांगितलं होतं. ते आम्ही दोघांनी हसण्यावारी नेलं.

त्या डिसेंबरात बायकोच्या पाठीत दुखायला लागलं, दोन खांद्यांच्या मधोमध. टपालपेटीपर्यंत चालत गेली की यायचं, घरात येऊन बसली की जायचं. मी मणके दाबून पाहिले, मानेचे व्यायाम दिले, मलम चोळलं. दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे जायचा विषय निघाला नाही. आमच्याकडे तो कधीच निघायचा नाही, घरात डॉक्टर होता ना.

एका दुपारी शेजारीणबाई आमच्या स्वयंपाकघरात आल्याचा चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी बायकोचं मनगट हातात घेतलं, तीन बोटं ठेवली आणि इतका वेळ नाडी पाहिली की मी पेपर खाली ठेवला. मग जीभ पाहिली. शेवटी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलल्या त्या बायकोशी नव्हे, माझ्याशी. नाडी खोल गेली आहे, ताणलेली आहे. थंडीत चाललं की दुखतं, उबेत बसलं की थांबतं. थंडी छातीजवळ पोचली आहे. हिला बाहेर नेऊ नका.

चालताना दुखतं, थंडीत वाढतं, बसलं की थांबतं. मेडिकलच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे ऐकून हृदयाची शंका आली असती. मला आली नाही. वाऱ्याच्या दारांच्या गोष्टी सांगणाऱ्या तोंडून ते आलं होतं, म्हणून मी ऐकलंच नाही. उलट कागदावर मानेच्या मणक्यांचं चित्र काढून त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

चार दिवसांनी त्या लाल लोकरीचा मफलर घेऊन आल्या, स्वतः विणलेला. बायको तो घरातही गुंडाळून बसायची. चाळीस वर्षं माझं ऐकलेली बाई आता दुसऱ्या कुणाचं तरी ऐकते आहे, याचा मला राग यायचा. हे आज लिहिताना लाज वाटते.

संक्रांतीचं हळदीकुंकू एका हॉलमध्ये होतं, शनिवारी दुपारी. बायकोनं काळी चंद्रकळा नेसली, अंबाडा घातला. ब्लाउजचा गळा मागून खोल होता. आमच्या इथल्या बायका भर जानेवारीतही कोट गाडीतच ठेवून हॉलपर्यंत जातात, कारण कोटानं साडी चुरगळते आणि चालायचं तर चार पावलंच असतं. निघताना तिनं मफलर मानेभोवती घेतला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"चंद्रकळेवर हे? लोक हसतील," मी म्हणालो.

तिनं तो काढून दाराजवळच्या खुंटीला लावला.

हॉलचं पार्किंग भरलेलं होतं. आम्हाला पार टोकाला जागा मिळाली. कोट मागच्या सीटवर राहिला. वारा पाठीमागून येत होता. तिळगुळाचा डबा हातात घेऊन ती माझ्या पुढं चालत होती आणि मला तिची उघडी मान दिसत होती. मला एकदम भीती वाटली. कशाची ते कळलं नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. निम्म्या वाटेत ती थांबली.

"अहो, जरा थांबू या ना. पाठीत परत आलंय."

"अगं, इथे थंडीत काय थांबायचं? आत हीटिंग आहे. चल."

ती चालली.

आत गेल्यावर दारापाशीच एक खुर्ची होती, तिथं ती बसली. डबा मांडीवर होता. कुणीतरी हळदीकुंकू लावायला वाकलं, तेव्हा तिनं मान वर केली नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिची छाती दाबत राहिलो. माझे हात ते काम चोख करत होते. उपयोग झाला नाही.

मफलरनं ती वाचली नसती, हे मला ठाऊक आहे. वेळेवर एक साधा कार्डिओग्राम काढला असता तर कदाचित वाचली असती, आणि तो मी एका फोनवर काढून घेऊ शकलो असतो.

दहाव्या दिवशी शेजारीणबाई आल्या. त्यांची नजर खुंटीवर गेली. मफलर तिथंच होता. त्याचं टोक हातात धरून त्यांनी विचारलं, "आखूड झाला होता का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणालो, "जरा आखूड झाला होता."

त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात दार वाजलं. त्यांनी नवा विणून आणला होता, पहिल्यापेक्षा हातभर लांब. त्या बुटक्या आहेत, म्हणून मी खाली वाकलो, आणि त्यांनी तो स्वतःच्या हातानं माझ्या मानेभोवती दोनदा गुंडाळला.