वैनीचे हॅव आणि हॅड

मी दहावीत होते तेव्हा वैनीला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो. ती दर्यापूरकडच्या खेड्यातली, मराठी सातवी पास. अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्सबाईंचं शिक्षण मिळायचं, तिथे तिला जायचं होतं. सातवी झालेल्या बायका तिथे घेत. पण औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता यावं आणि विचारलेल्याला इंग्रजीत चार शब्द उत्तर देता यावं, अशी अट होती.

नर्सच का व्हायचं, हे तिला कोणी विचारलं नाही. दीड वर्षापूर्वी तिचा मुलगा गोवराने गेला होता. दोन वर्षांचा. शेवटच्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना बाहेर काढत होते, पण एका नर्सने दार लोटून घेतलं आणि वैनीला लेकराला मांडीवर घेऊन बसू दिलं. ती नर्स कोण, कुठली, आम्हाला कधी कळलं नाही. वैनी तिच्याबद्दल एवढंच म्हणायची, "त्या बाईनं मले उठवलं नाई."

माझ्या मायला हे शिक्षण पसंत नव्हतं. तरणीताठी सून परगावी एकटी राहणार, लोक काय म्हणतील! बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आम्ही धम्म स्वीकारल्यापासून घरात कोणी शिकतो म्हटलं तर नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. "शिकू दे तिले," ते म्हणाले आणि विषय संपला. भाऊ मूर्तिजापूरला रेल्वेत होता, सुट्टीला घरी यायचा.  मुलगा गेल्यापासून तो कमीच बोले.

दुपारी मी शाळेतून पूल ओलांडून घरी आले की वैनी तुरी निवडत बसलेली असायची. सुपाशेजारी माझी जुनी पाटी. मी तिच्याहून लहान, तरी नणंद म्हणून ती मला 'बाई' म्हणे.

पहिल्याच आठवड्यात आम्ही 'हॅव'पाशी अडलो. 'आय हॅव अ बुक' तिला लगेच समजलं. माझ्यापाशी पुस्तक आहे. मग मी 'आय हॅव अ ब्रदर' लिहिलं.

"म्हंजे भाऊ माझ्यापाशी हाये?" ती म्हणाली. "भाऊ तं तिकडे गावात हाये."

"नाही वैनी, मला भाऊ आहे."

"अन् 'आय हॅव फीवर'?"

"मला ताप आहे."

तिने हातातली तूर सुपात टाकली. "पुस्तक आपल्यापाशी असते, भाऊ आपल्याले असते, ताप आपल्याले येते. इंग्रजीत सारं एकाच शब्दात कोंबलं! ताप काय आपण धरून ठेवतो?"

 शाळेत आम्हाला 'हॅव म्हणजे असणे' एवढंच सांगितलं होतं, आणि आम्ही ते मुकाट्याने पाठ केलं होतं. दुसऱ्या दिवशी 'आय हॅव टू गो' निघालं. मला जायला हवं. वैनीच्या बोलीत, मले जा लागते. तिला हे फार नवल वाटलं. असणंही तेच आणि लागणंही तेच? मग तुरी निवडता निवडता ती म्हणाली, "बरोबरच हाये म्हणा. ज्याच्यापाशी काही हाये, त्यालेच काही करा लागते."

पुढे मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं. या क्रियापदाची याहून चांगली फोड मला कुठल्या व्याकरणात सापडली नाही.

मग भूतकाळ आला. हॅव, हॅड, हॅड. मी म्हटलं, आता तुम्ही एक वाक्य करा. तिने पाटी पुसली, सावकाश अक्षरं काढली आणि पाटी माझ्याकडे वळवली. 'आय हॅड अ सन.'

वाक्य बरोबर होतं. एकही चूक नव्हती. मी पंधरा-सोळा वर्षांची.  वैनीनेच पाटी परत घेतली. "बरोबर हाये ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. "मंग पुढचं सांगा, बाई."

मुलाखतीला मी सोबत गेले. गाडीत भाऊ मूर्तिजापूरला चढला, बडनेऱ्याला उतरून आम्ही अमरावती गाठली. मुलाखत घेणाऱ्या मेट्रनबाई दक्षिणेकडच्या होत्या. त्यांचं मराठी मोडकंतोडकं. दार उघडंच होतं, भाऊ आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. नाव, गाव, शिक्षण, सगळी उत्तरं वैनीने नीट दिली. माझा ऊर भरून आला.

मग मेट्रनबाईंनी विचारलं, "हॅव यू एनी चिल्ड्रन?"

"येस," वैनी म्हणाली. "आय हॅव अ सन."

"हाऊ ओल्ड?"

"टू इयर्स."

मेट्रनबाईंनी टाक खाली ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, "दोन वर्षं? मग कसं होणार? इथे होस्टेलमध्ये राहावं लागते. लहान मूल असलेली बाई आम्ही नाही घेत."

मला वाटलं, घाबरून तिने काळ चुकवला. मी उठून दाराशी गेले. भावाला इंग्रजी कळत नव्हतं, पण ते मराठी त्याला कळलं होतं. तो खाली फरशीकडे पाहत बसला.

 आत वैनी म्हणाली, "तो नाई आता. गोवर निघाला होता त्याले."

"मग 'हॅड' म्हणायचं," मेट्रनबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मले येते ते. पाटीवर लिवते मी. तुमी एकदम विचारलं, तं तोंडातून निघालं नाई."

 मूल कुठे गेलं, कसं गेलं, सगळं मेट्रनबाईंनी विचारलं. वैनीने त्या नर्सबद्दल सांगितलं. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "इथे पण लहान मुलं मरतात. तुला बघवेल?"

"सांगता येत नाई. पण लेकराच्या मायले मी बाहेर नाई काढणार."

"कधी कधी काढावं लागते. रूल आहे."

 "मंग हळूच हाताले धरून नेईन," वैनी म्हणाली.

पुढच्या महिन्यात सामान घेऊन ये, असं त्यांनी तिथेच सांगितलं.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. वैनी खिडकीशी, समोर भाऊ. बडनेरा सुटल्यावर तो अचानक बोलला.

"मीबी असंच सांगतो."

"काय?" वैनीने विचारलं.

"स्टेशनावर कोणी विचारलं, लेकरं किती, तं म्हणतो एक पोरगा. मुद्दाम नाई म्हणत. निघते तोंडातून." मग म्हणाला, "परवा एकजण म्हणे, कोणत्या वर्गात हाये. मी म्हटलं, लहान हाये अजून."

वैनीने डोळ्यांना पदर लावला नाही. ती पुढे वाकली आणि विचारलं, "तुमाले त्याचं तोंड आठवते का? मले कधी कधी आठवतच नाई." मग दोघं मुलाबद्दल बोलू लागले. तो गुळाचा खडा कसा मागायचा, इंजिनाच्या शिट्टीला कसा दचकायचा, कान कोणावर गेले होते. दीड वर्षात मी त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं. मूर्तिजापूरला भावाला कामावर हजर व्हायचं होतं. गाडी हलेपर्यंत तो फलाटावर खिडकीच्या गजाला धरून उभा होता.

वैनी अमरावतीला राहिली, परीक्षा पास झाली. माय पहिले काही महिने कोणी विचारलं तर सून माहेरी गेली म्हणून सांगायची. नंतर वैनी सुट्टीत घरी आली की आपणच गल्लीतल्या बायकांची दुखणी तिच्याकडे आणू लागली. पुढे वैनीला एक मुलगी झाली.

वैनीची पहिली नेमणूक दर्यापूरच्या बाजूला एका खेड्यात होती. कॉलेजच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. जीपमधून उतरले तेव्हा माझ्या अंगावर धुळीचा थर होता. दवाखान्याच्या ओट्यावर एक तरुण बाई तापलेलं लेकरू घेऊन बसली होती आणि वैनी ओल्या फडक्याने त्याचं कपाळ पुसत होती. तिने मान वर करून मला पाहिलं.

"बसा बाई," ती म्हणाली. "याचा ताप उतरू द्या, मंग चहा ठेवते."