आमच्या हिट गाण्यातले काळे वाटाणे

गोरेगावातलं पहिलं हिट रॉक गाणं मी लिहिलं, आणि त्यात काळ्या वाटाण्यांची उसळ आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होतो, केस कानांवर आले होते (वडील त्यांना झिपऱ्या म्हणत) आणि माझ्याकडे एक जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. गावठाणातला माझा मित्र फ्रान्सिस ड्रम वाजवायचा. ड्रम त्याच्या मामाच्या लग्नाच्या बँडमधले, त्यामुळे लग्नसराईत आमचं संगीत बंद! दोघांनी मिळून एक गाणं बसवलं : 'जळतोय मी!' शब्द माझे, चाल माझी, जळणंही माझंच. कोणासाठी जळतोय, ते ठरलं नव्हतं. फ्रान्सिस म्हणाला, "तू जळ रे बिनधास्त, पोरगी मागनं बघू."

अडचण होती अॅम्प्लिफायरची. पण आमच्या घरच्या रेडिओला पाठीमागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती. त्यांत गिटारची वायर खुपसायची आणि पुढचं बटण ग्रामोफोनवर फिरवायचं, की रेडिओ गप्प आणि गिटार सुरू! बटण उलटं फिरलं, की गिटार गप्प आणि रेडिओ सुरू. हे दुसरं वाक्य मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

रेडिओ आईचा. माहेरून आलेला, विणलेला रुमाल पांघरून फळीवर बसलेला. रोज दुपारी दीडला ती त्यावर बायकांचा कार्यक्रम ऐके, आणि त्या स्टेशनावरून काटा हलवायची वडिलांचीसुद्धा टाप नव्हती. त्या कार्यक्रमाला तिने काळ्या वाटाण्यांच्या उसळीची कृती पोस्टकार्डावर लिहून पाठवली आणि चक्क उत्तर आलं, 'येत्या गुरुवारी वाचली जाईल.' आईला स्वर्ग दोन बोटं उरला! अख्ख्या चाळीला ऐकायला यायचं आमंत्रण गेलं.

आमच्या गॅदरिंगमधली गाण्याची स्पर्धा त्याच गुरुवारी होती.

"आपला नंबर बाराला," मी फ्रान्सिसला म्हणालो. "साडेबाराला रेडिओ परत फळीवर. आईला कळणारपण नाय."

"आणि उशीर झाला तर?"

"कशाला होईल?"

(गॅदरिंग वेळेवर सुरू झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.) आई नारळ आणायला बाजारात गेली, ती कार्यक्रमाच्या तोंडावरच परतणार होती. लगेच मी रेडिओ चादरीत गुंडाळून पळवला.

बाराला प्राचार्य भाषणाला उभे राहिले. साडेबारालाही ते उभेच होते. एक वाजता पाहुण्यांनी "मी दोनच शब्द बोलणार आहे" असं म्हटलं आणि ते अर्धा तास बोलले. आमचं नाव पुकारलं तेव्हा घड्याळात एक पस्तीस झाले होते.

इकडे आमच्या खोलीत चाळीतल्या अकरा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. समोर रिकामी फळी, फळीवर विणलेला रुमाल! आईने एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा गिटारच्या खिळ्याकडे पाहिलं. तोही रिकामा. "चला गं," एवढंच म्हणून तिने चपला घातल्या. कॉलेज दहा मिनिटांवर होतं. बारा बायकांनी ते सातात गाठलं.

स्टेजवर मी पेटलो होतो. "जळतोय मी!" म्हणून उंच उडी मारली आणि उतरताना पाय वायरीत अडकला. वायरीने रेडिओला हिसका दिला, मी तो सावरायला झेपावलो आणि बटण माझ्याच कोपराने फिरलं. गिटार मेली. रेडिओचा टॉवर मालाडला, अगदी शेजारी, त्यामुळे एरियल नसतानाही खणखणीत आवाज आला, "आता ऐकू या गोरेगावच्या सौ. शालिनी परुळेकर यांनी पाठवलेली काळ्या वाटाण्यांची उसळ."

फ्रान्सिसला वाटलं, मी गाण्यात ऐन वेळी काहीतरी भारी घातलंय. तो ठेका धरून राहिला. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात दारातून आरोळी आली.

"हात लावलास तर तंगडं मोडीन!"

आई! मागे अकरा बायका. मी हात मागे घेतला. गिटार बंद, बटणाला हात लावायची सोय नाही आणि समोर सहाशे पोरं. मी दुसरं काय करणार? रेडिओवरची बाई श्वास घ्यायला थांबली, की मी ओरडायचो.

"वाटाणे रात्रभर भिजत घालावेत."

"जळतोय मी!"

"खोबरं खरपूस भाजावं."

"जळतोय मी!"

"आता आच मंद करावी."

इथे हॉल कोसळला! शिट्ट्या, टाळ्या, बाकं बडवणं. शेवटच्या रांगेतून पोरं "मंद करा! मंद करा!" म्हणून नाचायला लागली. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्या गाण्यामुळे नव्हतं.

पहिलं बक्षीस आम्हाला. परीक्षक म्हणाले, "तरुणाची आग आणि गृहिणीची चूल यांचा असा मिलाफ मी प्रथमच ऐकला." मी मान लववली. फ्रान्सिस कानात म्हणाला, "गप्प बस यार. आपण मुद्दामच केलं."

मग दहिसरपासून अंधेरीपर्यंत गणपतीची मंडळं मागे लागली. "ते वाटाण्याचं होऊन जाऊ दे!" पण रेडिओ तीच कृती पुन्हा थोडीच वाचणार? शेवटी आईलाच न्यावं लागलं. पहिल्यांदा ती पडद्याआडून बोलली. दुसऱ्या वेळी पडदा जरासा सरकला. तिसऱ्या कार्यक्रमात ती माईकसमोर उभी राहून फ्रान्सिसला सांगत होती, "खोबरं भाजताना घाई करू नकोस रे, करपतं." बायका पेन्सिली घेऊन पुढच्या रांगेत बसायच्या. आईने "मंद करावी" म्हटलं, की वन्स मोअर! खोटं कशाला बोलू, तिला तसं उभं पाहून माझी छाती अशी फुगायची, की पुढचं "जळतोय मी" नीट निघत नसे.

एकदा धीर करून तिला विचारलं, "आई, गाणं कसं वाटतं गं तुला?"

"छानच आहे," ती म्हणाली. "फक्त मधेमधे तू ओरडतोस ना, तेवढं काढ."

बक्षिसाचा चषक अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात बरोब्बर चार माणसांचे वाटाणे मावतात. गिटार माळ्यावर आहे. तिचा काय उपयोग करावा, ते आईला अजून सुचलेलं नाही.