गुडघ्यापर्यंतचं लुगडं

परवा नौपाड्यात लाँड्रीसमोरून जाताना कांजी केलेल्या गरम सुती कापडाचा वास आला आणि ताईचं ते लुगडं आठवलं. ताई पुस्तकांची मुखपृष्ठं करते. ठाण्यात तिच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन होतं आणि ती आली आमच्या कोळीवाड्यातल्या बायकांसारखं गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. "ताई, पायघोळ साडी नेसायचीस ना, माझ्या ऑफिसातले येणारेत," मी कुजबुजलो. "आई अशीच नेसून खाडीच्या चिखलात उतरायची. ज्यात पाय मोकळे, ती माझी फॅशन. तुला का रे घाम फुटलाय?" हिरवागार रंग, केसांत अबोली, लोक चित्रांआधी तिच्याकडेच बघत होते आणि ती मात्र निवांत. तेवढ्यात आमचे साहेब आले. "ह्या कोण?" "चित्रकार आहेत," मी म्हणालो. बहीण म्हणालो नाही, कारण मी कोळी असल्याचं ऑफिसात लपवलं होतं. ताईनं ते ऐकलं. हसून तिनं साहेबांना चहा दिला, मग दुसरा कप माझ्यापुढे धरला, "घ्या ना, तुम्हीपण." आयुष्यात त्या एकदाच तिनं मला अहो-जाहो केलं. तिच्याएवढं ताठ उभं राहणं मला अजून जमलेलं नाही, पण आता कुणी विचारायच्या आधीच सांगतो, ती माझी सख्खी बहीण.