जनरल मॅनेजरची बदली

कोंबड्यांसाठी चांगली घरं शोधत वणवण फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघाला. मामांची सगळी नोकरी बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत गेली. निवृत्त झाल्यावर ते येलहंक्याच्या घरामागे पेरूखाली वेताची खुर्ची टाकून बसू लागले, ते असे की चहा आणून ठेवावा तर त्यावर साय धरायची, सायीवर पेरूचं पान पडायचं, आणि मामा मात्र समोरच्या उन्हाकडे बघत कुठेतरी दूर गेलेले असायचे. अशाच एका तंद्रीत त्यांनी बाजारातून पिल्लांची टोपली आणली. सगळ्या माद्याच आहेत, अशी विकणाऱ्याने खात्री दिली होती, आणि गोड कानडीत बोलणाऱ्यावर मामांचा चटकन विश्वास बसतो.

पिल्लं वाढली. तुरे लालबुंद झाले, शेपट्यांना बाक आला, आणि एका पहाटे परसातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. मामींनी मामांना उठवून नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवायला सांगितलं. पुढच्या काही दिवसांत असे चार नळ वाजू लागले. मामांनी कौतुकाने चौघांना कारखान्यातल्या हुद्द्यांची नावं दिली. त्यांतला सर्वांत डौलदार तो जनरल मॅनेजर. पण साहेबलोकांचं आपसात पटेना. मारामाऱ्या सुरू झाल्या, टोपलीत ज्या दोनच माद्या निघाल्या होत्या त्या बिचाऱ्यांच्या पाठीवरची पिसं गेली, आणि नुकतंच पुण्याहून शेजारी आलेलं जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन फाटकाशी फार नम्रपणे उभं राहिलं. मामांनी चौघांना न्हाणीघरात कोंडून पाहिलं. तिथे आवाज अधिकच घुमला.

कोपऱ्यावरचा चिकनवाला एका पायावर तयार होता. मामांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. अंडी ते आवडीने खात, पण ज्याला नावाने हाक मारली त्याला ताटात कसं घ्यायचं, हा त्यांचा सवाल होता. मग ते स्कूटरवरून आसपासच्या खेड्यांत फिरू लागले. कोंबड्या दिसल्या की थांबून कोंबडा हवा का विचारत, आणि हो म्हणणाऱ्याची एवढी चौकशी करत की तोच कंटाळून नको म्हणे. तरी तिघांची कशीबशी सोय लागली. उरला जनरल मॅनेजर.

शेवटी गावाबाहेरच्या एका शेतावर एक अक्का भेटल्या. त्यांचा कोंबडा मुंगसाने मारला होता. त्या दिवशी मीही मामांबरोबर होते. याला कधी कापणार नाही, असं वचन मामांनी मागितलं. अक्कांनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग कानडीत म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांना सांभाळील तोवर राहील, सर. पुढचं खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, मामा आता स्कूटर वळवणार. पण त्यांनी पिशवीतून कोंबडा काढला, त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला.

"सरी, अक्का," ते कानडीतच बरं म्हणाले, आणि त्याला खाली सोडलं.

काही आठवड्यांनी त्यांनी मला पुन्हा तिकडे नेलं. चिंचेच्या सावलीत जनरल मॅनेजर माती उकरत होता. मामांनी कुंपणापलीकडून हाक मारली. त्याने मान वर केली, क्षणभर पाहिलं, आणि दाणा सापडल्याचं सांगत आपल्या कोंबड्यांना बोलावू लागला.

"ओळखलं नाही त्याने," मामा म्हणाले आणि हसले.

घरी पोचल्यावर स्कूटर बंद करूनही ते हँडल धरून तसेच बसून राहिले. संध्याकाळ उतरत होती. मामी दारात आल्या, त्यांनी मामांकडे पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.