अक्काचं डावं पाऊल

मुरुमच्या आमच्या शाळेत त्या दिवशी चाचणी परीक्षा होती. पर्यवेक्षण करताना मोबाइल बंद ठेवायचा नियम, म्हणून नितीनचा फोन मुख्याध्यापकांकडे आला. ते वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सर, जरा बाहेर या." नितीन माझा भाचा, अक्काचा एकुलता मुलगा. तो एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली... सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसली, आन् उठलीच न्हाय." हृदय बंद पडलं होतं. नळदुर्गला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून मी काय विचार करत होतो, ते आता आठवत नाही. उतरल्यावर मात्र अक्काच्या घरासमोर जमलेली माणसं पाहून थबकलो. आजूबाजूच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवरून बायका आल्या होत्या. त्यातल्या कित्येकींना मी ओळखतही नव्हतो.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आरोग्य उपकेंद्रात ती परिचारिका होती, पण त्या गावांत तिला कुणी नावानं हाक मारली नाही. ती सगळ्यांची नर्सबाई. लसीकरण, बाळंतपणं, तापाच्या दिवसांतली घरोघरची फेरी... तिचं निम्मं आयुष्य चालण्यात गेलं. भाऊजी लवकर गेले, तेव्हाही महिन्याभरात ती पुन्हा फेरीला निघाली होती. त्यामुळं दहा-अकरा वर्षांपूर्वी ती एकदा माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बापू, सकाळी उठलं की पावलाखाली खडे पसरल्यावानी वाटतंय. तासभर पाय टेकवत न्हाय," तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. इतकं चालल्यावर दुखणारच, असं म्हणालो. हाडांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. एक्सरे अगदी स्वच्छ होता. त्यांनी चालणं कमी करायला सांगितलं, गोळ्या दिल्या आणि परत पाठवलं. तसेच सात-आठ महिने गेले.

पण अक्का गप्प बसणारी नव्हती. दुखणं दोन्ही पावलांत, बोटांच्या मुळाशी होतं आणि सकाळी जास्त होतं. हे नुसतं दमणं नाही, हे तिनं स्वतःच ताडलं. तिनं रक्त तपासून घेतलं. रक्तात संधिवाताची खूण निघाली, तसा तो कागद घेऊन ती मला म्हणाली, "चल माझ्यासंगं सोलापूरला." तिथल्या संधिवाताच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी अक्काचं पाऊल हातात घेतलं, बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी ऐकणारी माझी बहीण कळवळली. बाईंनी पावलांचा एमआरआय करायला सांगितला.

एमआरआय करून ती बाहेर आली तेव्हा हसत होती. "गिरणीच्या पट्ट्याशेजारी पाय ठेवून झोपल्यावानी वाटलं बघ. नुसता खडखडाट." मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना संगणकासमोर बसवलं. पडद्यावर राखाडी हाडं होती, बारीक आणि नीट मांडलेली. डाव्या पावलात करंगळीच्या मुळाशी आणि तिच्या शेजारच्या दोन बोटांच्या मुळाशी हाडाच्या आत पांढरी झाक होती, ओल धरलेल्या भिंतीसारखी. करंगळीपाशी ती सगळ्यांत ठळक. डॉक्टर म्हणाल्या, "एक्सरेत हाड झिजल्यावरच दिसतं. इथं हाडाच्या आतली सूज दिसते. अशी सूज असते तिथं पुढं सांधा झिजण्याचा धोका जास्त असतो. प्रत्येक ठिकाणी झिजेलच असं नाही. पण मला सगळ्यांत जास्त काळजी इथली वाटते." त्यांनी करंगळीच्या मुळावर बोट ठेवलं.

अक्कानं विचारलं, "म्हंजे अजून झालं न्हाय?"

"नाही, अजून नाही."

"मग अजून वेळ हाय."

मी घाबरून गेलो होतो. अक्का मात्र पडद्याकडं एकटक बघत होती... बाळाच्या हृदयाचे ठोके पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. परतताना एसटीत ती म्हणाली, "आपलंच हाड, बापू. आतून काय व्हाया लागलंय, आपल्यालाच ठावं न्हाय. आन् त्या बाईनी बोट ठेवून दावलं." आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या त्याच रविवारी सुरू झाल्या. सोमवारी दिवसभर तिला मळमळायचं, तरी तिनं एकही रविवार चुकवला नाही, आणि ठरल्या वेळी रक्त तपासणंही कधी टाळलं नाही.

दीड वर्षानं पुन्हा एक्सरे काढला. दोन बोटांचे सांधे धड होते. करंगळीच्या मुळाशी मात्र हाडाला उंदरानं कुरतडल्यासारखी बारीकशी खाच पडली होती. डॉक्टर ओशाळल्यासारख्या झाल्या. मला राग आला, कुणाचा ते कळेना. अक्कानं जुना एमआरआय आणि नवा एक्सरे शेजारीशेजारी लावायला सांगितलं आणि बराच वेळ पाहत राहिली. "बघ, सांगितलं होतं तिथंच. तसूभर इकडंतिकडं न्हाय."

मी म्हणालो, "अक्का, झालं ना शेवटी..."

"एक सांधा गेला. दोन वाचले ते बघ की." मग एमआरआयची फिल्म पिशवीत ठेवत म्हणाली, "आपल्या गावात किती जणींच्या पायात हे चालू आसंल, आन् आपण म्हणतो, चालून दुखतंय."

तिथून पुढची अक्का वेगळीच होती. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेली बाई असो की लेकराला लस टोचून घ्यायला आलेली, ती विचारायची, "सकाळी पहिलं पाऊल कसं पडतंय?" उत्तर अडखळलं की जमिनीवर बसायची, समोरच्या बाईचं पाऊल मांडीवर घ्यायची आणि बोटांच्या मुळाशी हलकेच दाबून बघायची. बायका लाजायच्या, पाय मागं घ्यायच्या. नर्सबाईंनी आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय... अक्का सोडायची नाही.

मेंढरं राखणाऱ्या घरातल्या कौसाबाईची गोष्ट मी स्वतः पाहिली. बत्तीस वर्षांची बाई. सकाळी उठायला वेळ लागतो म्हणून घरात तिला कामचुकार ठरवलेलं. अक्का तिला डॉक्टरांकडं न्यायला तिच्या दारात गेली, त्या दिवशी मी सोबत होतो. तिचा नवरा सरळ म्हणाला, "पाय कुणाचं दुखत न्हाईत, नर्सबाई? मेंढरामागं चालायचं म्हणल्यावर दुखणारच."

अक्कानं पिशवीतून आपल्या पावलाची ती एमआरआयची फिल्म काढली आणि उन्हासमोर धरली. "हे माझ्या पायातलं. हितं पांढरं दिसतंय का? तवा एक्सरे साफ होता. दीड वर्षानं हितलंच हाड गेलं. हिच्या पायात काय चाललंय ते मला नुसतं बघून कळत न्हाय. तुला कळतंय का, दादा?"

तो फिल्मकडं बघत राहिला. मग त्यानं बायकोच्या पावलांकडं बघितलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर तो बायकोला घेऊन आमच्या आधी येऊन उभा होता. कौसाबाईचा संधिवात वेळेत हाती लागला. ती आजही मेंढरांमागं चालते. अक्काच्या दारातल्या गर्दीत तीही होती. मला म्हणाली, "माझ्या आईनं बी कधी माझं पाय असं मांडीवर घेतलं न्हवतं, दादा."

तिसऱ्या आठवड्यात नितीन आणि मी अक्काची खोली आवरायला घेतली. खाटेखाली चपलांचे तीन जुने जोड निघाले. तळ झिजलेले, तरी तिनं टाकून दिले नव्हते. नितीन ते पोत्यात घालणार तेवढ्यात मी एक जोड उलटा करून पाहिला. उजवीचा तळ सगळीकडून सारखा झिजलेला होता. डावीची टाच आणि आतली बाजू पार पातळ झाली होती, पण करंगळीखालच्या कडेवरच्या रेघा अजून कोऱ्या चपलेसारख्या होत्या. दुसरा जोड पाहिला, तिसरा पाहिला. तिन्हींचं तेच.

"नितीन, आई लंगडायची का रे कधी?"

"न्हाय मामा. मी तरी कधी पाहिलं न्हाय."

आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. करंगळीच्या त्या एका कडेवर भार न टाकता ती एवढी वर्षं गावोगाव चालत राहिली होती, सरळ, आमच्या पुढं चार पावलं... मी तिन्ही जोड पुसले आणि पुन्हा खाटेखाली एका ओळीत लावून ठेवले.